बेरीज बदलली, कारण आधीची कमी भरत होती

नमस्कार,

तुमची एक्सेल फाइल आम्ही साफ करून दिली, त्यावरचा तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत: दोन मिनिटांच्या कामाला चार दिवस लावले, फाइल परत आली तेव्हा एकूण बेरीज बदललेली होती, ग्राहक-कोडांपुढची शून्यं उडाली आणि काही सेल पिवळे करून तसेच सोडून दिले. (तुमच्या फाइलमधले खरे आकडे इथे टाकणार नाही, खालचे सगळे नमुन्याचे.)

शून्यांची चूक आमची. साफ केलेली फाइल आम्ही एक्सेल आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला नुसता मजकूर) अशी दोन्ही रूपांत पाठवली. एक्सेलच्या फाइलमध्ये कोड मजकूर म्हणून ठेवलेले असल्याने ००४१७ तसाच राहतो. सीएसव्हीत फॉरमॅट साठवलाच जात नाही. ती डबल-क्लिकने उघडली की एक्सेल कोडाला आकडा समजतं आणि ४१७ करून मोकळं होतं. ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि कोडाच्या कॉलमला ‘टेक्स्ट’ निवडा, एवढं एक वाक्य आमच्या मेलमध्ये हवं होतं. नव्हतं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय २०२३ पासून एक्सेलमध्येच आहे, तीही आम्ही सांगितली नाही. तुम्ही ती सीएसव्ही उघडून सेव्ह केली असेल तर त्या प्रतीतली शून्यं गेली. आमच्याकडची प्रत शाबूत आहे, ती आज पुन्हा पाठवली आहे.

बेरजेबाबत मात्र माघार नाही. तुमच्या रकमेच्या कॉलममधले १८६ सेल दिसायला आकडे होते, आतून मजकूर. काहींत उणे चिन्ह मागे लागलेलं, ‘४५०-’ असं. बाकीच्यांत वेबपानावरून कॉपी करताना मागे चिकटलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी साध्या स्पेसचा क्रमांक ३२ आणि हिचा १६०, म्हणून जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन हिला हातही लावत नाही. बेरजेचं ‘सम’ फंक्शन असे मजकुराचे सेल गुपचूप वगळतं आणि एररही दाखवत नाही. एरवी मजकूर डावीकडे आणि आकडे उजवीकडे सरकतात, त्यावरून तरी संशय येतो. तुमच्याकडे कुणीतरी छान दिसावं म्हणून अख्खा कॉलम मधोमध आणून ठेवला होता! त्या १८६ सेलची बेरीज जुन्या-नव्या बेरजेतल्या फरकाशी तंतोतंत जुळते. फाइलमधली ‘तपासणी’ नावाची शीट उघडून पाहा, ओळ क्रमांकांसकट सगळं तिथे आहे.

आता दोन मिनिटांचं काम. फाइंड-रिप्लेस करून सगळे स्वल्पविराम उडवायचे, असं तुम्ही सुचवलंत. त्याला खरंच दोन मिनिटं लागली असती. पण तुमची फाइल तीन ठिकाणच्या याद्या जोडून झालेली आहे आणि त्यातल्या एका यादीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरलाय. तिथला ‘१२,५०’ म्हणजे साडेबारा. स्वल्पविराम उडवला असता तर १२५० झाला असता, शंभरपट, आणि तोही कुणाच्या लक्षात न येता. म्हणून आधी कुठली ओळ कुठल्या यादीतली ते वेगळं केलं, मग प्रत्येक यादीला तिचं दशांशचिन्ह सांगून आकडे बदलले. चारपैकी तीन दिवस या वेगळं करण्यात गेले.

ज्या ओळींचा उगम कळलाच नाही, त्या पिवळ्या. ‘१,२५०’ म्हणजे सव्वा की साडेबाराशे? तारखांचंही तेच. महिना आधी लिहिणाऱ्या संगणकावर दिवस आधी लिहिलेली यादी उघडली की ०३/०४ ची ४ मार्च होते आणि २५/०४ मजकूर म्हणून पडून राहते. यादी माहीत असेल तर अशा तारखा उलटवता येतात, तेवढ्या उलटवल्या. (एक्सेलच्या या तारीखवेडाला शास्त्रज्ञही वैतागले होते. मार्च१ या जनुकाच्या नावाची एक्सेल तारीख करायचं, म्हणून ते शेवटी मार्चएफ१ करावं लागलं, आणि २०२० मध्ये अशा नावांबद्दल रीतसर मार्गदर्शक सूचनाच आल्या.)

पिवळ्यातले १६ अंकी क्रमांक तर आम्हीच काय, कुणीच परत आणू शकणार नाही. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, सोळाव्याचं शून्य होतं. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शून्य आहे, म्हणजे ती आमच्याकडे येण्याआधीच कधीतरी सेव्ह झालेली होती. तिथे अंदाजाने एखादा अंक भरून रंग काढून टाकला असता तर फाइल नक्कीच नीटस दिसली असती, आणि तुम्ही कदाचित पाच तारेही दिले असते.

मूळ याद्या जोडण्यापूर्वीच्या स्वरूपात असतील तर पाठवा. पिवळे सेल त्यांच्याशी ताडून भरून देतो, याचे वेगळे पैसे नाहीत. आणि सीएसव्हीबद्दलची ती सूचना आता प्रत्येक मेलमध्ये वरच, पहिल्या ओळीत जाते.