सीडीएसची नोंदणी बडोद्याच्या निर्यातदारांसाठी नाही

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांमध्ये एक व्हॉट्सॲप संदेश फिरतो आहे: ‘ब्रिटनला माल पाठवायचा तर सीडीएस या नव्या प्रणालीवर फी भरून नोंदणी करा, नाहीतर कंटेनर अडकेल.’ हे चूक आहे.

सीडीएस ही ब्रिटिश कस्टम्सची, मालाची घोषणापत्रं भरण्याची प्रणाली. जुन्या ‘चीफ’ प्रणालीवरून तिथली आयात २०२२ मध्ये आणि निर्यात २०२४ मध्ये तिच्यावर गेली. आयातीचं घोषणापत्र तिथला आयातदार किंवा त्याचा एजंट भरतो. आपलं काम इथलं: आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) आणि आइसगेट या भारतीय कस्टम्सच्या पोर्टलवर शिपिंग बिल (निर्यातीचं घोषणापत्र).

अपवाद मात्र नीट समजून घ्या. सौदा डीडीपी (ड्युटी भरून माल पोचवण्याच्या) अटीवर असेल, तिकडची ड्युटी तुम्ही भरणार आणि आयातदार म्हणून नावही तुमचंच लागणार असेल, तर ब्रिटनचा ईओआरआय क्रमांक (तिथल्या कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक) आणि तिथला प्रतिनिधी लागतो. तो क्रमांक ब्रिटिश सरकार मोफत देतं. त्याची ‘सरकारी फी’ कुणी मागितली तर कृपा करून देऊ नका.

ग्राहकाला खरी मदत इनव्हॉइसमधून होते. वस्तूच्या वर्गीकरणाचा तिथला आयातीचा कोड १० अंकी, आपला ८ अंकी. पहिले ६ अंक जुळलेच पाहिजेत. नुसतं ‘मशीन पार्ट्स’ लिहू नका, वस्तू नेमकी कोणती ते लिहा.