फ्लटरचं ॲप ॲपल नाकारतं? तो नियम २०१० मध्येच गेला

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, माझे चार महिने पाण्यात गेले का?" ती फ्लटर शिकतेय, म्हणजे एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींची ॲप बनवायचं साधन. फॉरवर्डचा मजकूर असा: ॲप स्टोअरवर फक्त स्विफ्ट आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या ॲपलच्या नेहमीच्या भाषांमधली ॲप चालतात, दुसऱ्या भाषेतून कंपाइल केलेलं ॲप स्कॅनमध्ये पकडलं जातं आणि खातं कायमचं बंद होतं, प्ले स्टोअरही आता तेच करणार.

असा नियम एकेकाळी होता, हे मान्य करावं लागेल. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने डेव्हलपर करारात ३.३.१ हे कलम बदललं: ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिट या ॲपलच्या ब्राउझर इंजिनवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं हवं. वेबवरची ॲनिमेशन आणि गेम ज्यात बनत त्या फ्लॅशमधून आयफोनचं ॲप बनवून देणारं अडोबीचं साधन तेव्हा बाजारात येतच होतं, त्यावर थेट घाव बसला. पण ९ सप्टेंबर २०१० ला ॲपलने स्वतःच जाहीर केलं की ॲप कोणत्या साधनाने बनवायचं यावरची सगळी बंधनं सैल करत आहोत, अट एकच, ॲपने बाहेरून कोड डाउनलोड करायचा नाही. म्हणजे पाच महिने टिकलेला नियम आज शिकणाऱ्या पोरांना घाबरवायला वापरला जातोय!

सगळ्यात संताप आला तो 'स्कॅनमध्ये पकडलं जातं' याचा. पकडायचं काय? लपवलेलं काही नसतंच. मी माझ्याच एका ॲपची आयपीए फाइल (आयफोनचं ॲप ज्यात बांधून पाठवतात ती) झिप म्हणून उघडली आणि भाचीला दाखवली. आत पेलोड, त्यात रनर, त्याच्या फ्रेमवर्क्स फोल्डरमध्ये सरळ नावानिशी 'फ्लटर' आणि शेजारी 'ॲप'. त्या 'ॲप'मध्ये माझा डार्ट या फ्लटरच्या भाषेतला कोड, पण आधीच कंपाइल होऊन मशीन कोड, म्हणजे प्रोसेसर थेट चालवतो तो कोड, झालेला. हे बघायला कुणालाही मिनिटभर पुरतं. ॲपलला ते दिसतं, आणि ते ॲप स्टोअरवर आहे.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. चालू ॲपमध्ये नवा मशीन कोड तयार करायला आयफोन सर्वसाधारण ॲपना परवानगी देत नाही. म्हणून हॉट रीलोड, म्हणजे चालू ॲपमध्येच कोडमधला बदल लगेच दिसणं, फक्त डेव्हलपमेंटपुरतं. ॲपलच्या ॲप तपासणीच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं कलम २.५.२ सांगतं की डाउनलोड केलेल्या कोडने ॲपची वैशिष्ट्यं बदलू नका. नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून पाठवली तर कलम ४.२ खाली परत येते. हे तिन्ही नियम स्विफ्टवाल्यालाही तसेच लागू आहेत. ॲप परत आलं तर कारण कळवतात, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. त्यासाठी खातं बंद होत नाही.

प्ले स्टोअरच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. फ्लटर गुगलनेच बनवलंय.

भाचीने प्रोजेक्ट डिलीट केला नव्हता, हे आधी विचारून घेतलं. फॉरवर्ड ज्या ग्रुपवरून आला तिथे आज हे सगळं ती टाकणार आहे.