‘दुखत नाही तोवर वाढत नाही’: भरतीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे पाचला पळायला येणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मी पोलीस भरतीच्या पोरापोरींचा सराव घेतो, त्यामुळे तो आठवड्यातून दोनदा तरी माझ्यापर्यंत पोचतो. थोडक्यात असा: ‘दुखत नाही तोवर वाढत नाही. व्यायामानं अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं, तेच दुसऱ्या दिवशी दुखतं. लिंबू-सोडा प्या आणि दुप्पट व्यायाम करून ते जिरवा. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन पावडर घेतली नाही तर मेहनत पाण्यात. फारच दुखलं तर गोळी घ्या, पण खाडा करू नका.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. पण सुरुवात ॲसिडपासून करतो, कारण बाकीचा डोलारा त्यावर उभा आहे.

त्यात अर्धं खरं आहे. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत पाय जड होतात, मांड्या पेटतात, तेव्हा रक्तात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच रूप, खरोखर वाढलेलं असतं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते जवळजवळ मूळ पातळीवर येतं. हृदय आणि बाकीचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याची परत साखर करतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी चढतं आणि दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतं. काल संध्याकाळीच गावाला गेलेल्या पाहुण्यावर आज सकाळच्या चोरीचा आळ घेण्यातला हा प्रकार.

याची परीक्षा १९८३ मध्येच झालेली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना ४५ मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं, सपाटीवर आणि उतारावर. सपाटीवर पळाल्यावर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले.

आपल्याकडे हाच प्रयोग दौलताबादला फुकटात होतो. गेल्या हिवाळ्यात पोरांना घेऊन गेलो होतो. किल्ल्यातला अंधारीचा काळोखा बोगदा ओलांडून वरच्या बारादरी महालापर्यंत चढताना सगळ्यांचा दम निघाला. उतरताना कुणाला काहीच वाटलं नाही, गप्पा मारत, एकेक पायरी सोडून उड्या मारत खाली आले. तिसऱ्या दिवशी मैदानावर एक जण म्हणाला, “सर, संडासला बसता येईना गेलंय.” दुखत होती मांडीची पुढची बाजू, म्हणजे उतरताना प्रत्येक पायरीला ब्रेक लावणारी. स्नायू आखडत असतानाच वजनानं ताणला जातो, तेव्हा त्याच्या धाग्यांत बारीक इजा होते. मग तिथं सूज येते, नसा हळव्या होतात आणि आपण म्हणतो, मांड्या भरून आल्या. बैठकीत खाली जाताना, डंबेल सावकाश खाली आणताना हेच होतं. अशा दुखण्याचं मूळ स्नायूच्या आतल्या फाटण्यात असावं, असं थिओडोर हाऊ या शरीरशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं.

लिंबू-सोडा उन्हात छान लागतो, जरूर प्या. पण जे तासाभरात आपोआप निघून गेलंय, ते तो दुसऱ्या दिवशी कुठून धुणार? (काही खेळाडू शर्यतीआधी मोजून खायचा सोडा घेतात आणि थोड्या मिनिटांच्या जोरदार शर्यतीत त्याचा किंचित फायदा होतो. तो विषय वेगळा, आणि पोट बिघडलं तर शर्यत संडासाकडं.)

आता ‘दुखत नाही तोवर वाढत नाही’. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडची माणसं ऊसतोडीला जातात. पहिले काही दिवस पाठ, मांड्या, दंड सगळं ठणकतं. मग अंग सरावतं आणि तोच माणूस तितकाच ऊस तोडूनही ठणकत नाही. मेसेजचा हिशोब खरा मानला, तर माघ महिन्यात ही माणसं फडात नुसती बसून असतात म्हणायची. सोयाबीन काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पहिल्या दिवसाची कंबर आणि पाचव्या दिवसाची कंबर यात काय फरक असतो ते. स्नायूला एकदा अशा कामाचा मार बसला की पुढचे काही आठवडे तेच काम त्याला कमी इजा करतं. दुखणं कमी होणं म्हणजे व्यायाम लागू पडल्याची खूण असते, आणि नवीन किंवा वेडावाकडा व्यायाम केला की काहीही न वाढता अंग दुखतंच. भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत, त्यातला एकही दुखण्याला नाही. म्हणून मी वही ठेवायला लावतो: सोळाशेला किती वेळ लागला, गोळा किती मीटर गेला, किती किलो किती वेळा उचललं. आकडा सरकतोय ना, मग पुरे.

दुप्पट व्यायामाचा सल्ला फसवा का आहे? दुखऱ्या पायांनी पळायला लागलं की दहा मिनिटांत दुखणं खरंच कमी वाटतं. पण ते तेवढ्यापुरतंच. स्नायूची ताकद मात्र घसरलेलीच असते आणि जबर इजा असेल तर भरून यायला आठवडाही लागतो. त्या दिवशी हलकं चाला, किंवा पाय भरलेत तर जोर काढा. तालमीतल्या मालिशीनं दुखणं थोडं हलकं होतं, ती पद्धत काही उगाच नाही. ताण देण्याबद्दल (स्ट्रेचिंग) मात्र पोरांचा भ्रमनिरास करावा लागतो: बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर व्यायामानंतर ताण दिल्यानं शंभराच्या मोजपट्टीवर दुखणं जेमतेम एका अंकानं उतरतं.

पावडरीचा अर्धा तास हा दुकानदाराचा अर्धा तास आहे. वजनाच्या व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम चोवीस तास आणि त्याहूनही जास्त चालू राहतं. दिवसभरात प्रोटीन किती गेलं, हे महत्त्वाचं. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, त्यापुढं जवळजवळ नाही. म्हणजे ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. चार ज्वारीच्या भाकरी साधारण २८, दोन वेळचं घट्ट वरण १७, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, अर्धा लिटर दूध १६, तीन अंडी १८. झाले ९१. अंडी खात नसाल तर सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम घ्या, त्यात १५ येतात. आपण अख्ख्या देशाला सोयाबीन पुरवतो आणि स्वतः पावडरीचा डबा विकत आणतो. पावडर वाईट नाही, बहुतेक वेळा दुधाचीच असते. पण भाड्याच्या खोलीवर दोन वेळचं वरण बंद करून डबा घेणारी पोरं मी पाहिलीत.

राहिली गोळी. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत तरुणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम करताना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध दिलं, तर त्यांच्या मांडीचा स्नायू ३.७ टक्के वाढला. अगदी कमी मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा ७.५ टक्के. म्हणजे वाढीसाठी दुखणं सोसा म्हणायचं आणि ती वाढच अर्धी करणारी गोळी रोज खायची.

पण माझी खरी भीती किडनीची आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक पोरगा दोन महिन्यांच्या खाड्यानंतर आला आणि पैजेवर पाचशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या टणक, पँट चढेना. त्यानं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस खाल्ल्या, वर उन्हात पळाला. तिसऱ्या दिवशी फोन आला, “सर, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायलीय.” स्नायू एवढा फुटतो तेव्हा त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन अडकतं. त्यात अंगातलं पाणी कमी आणि वर अशी गोळी, म्हणजे किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळला. पाच दिवस सलाइन लागलं, डायलिसिस थोडक्यात टळलं. मीही तेव्हा चुकलो होतो. पैज लागली तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मी हसत होतो.

मांड्या दुखण्याऐवजी टणक सुजल्या, पाय उचलण्याची ताकद गेली, लघवीचा रंग गडद झाला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगायचं. तो पोरगा जूनमध्ये परत आला. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं, ‘बैठका २०’. शेजारच्याच्या ८० होत्या. त्यानं एकदा तिकडं पाहिलं आणि टॉवेल उचलला.