माळ्यावरचा सुपरमॅन आणि मोडायला निघालेली एफडी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं: ‘सोनं विसरा, जुनी सुपरहीरो कॉमिक्स घ्या!’ खाली सुपरमॅनचं चित्र आणि मुद्द्यांची यादी. असली फॉरवर्डं मी एरवी उघडतही नाही. पण दुसऱ्याच दिवशी नाशिकहून धाकट्या मावसभावाचा फोन आला. “ताई, एफडी मोडतोय. न्यू जर्सीचा दादा तिकडे कॉमिक्स घेऊन ठेवेल. दहा वर्षांत दहापट होतात म्हणे.” जुन्या अमेरिकी कॉमिक्सचे लिलाव मी वर्षानुवर्षं बघत आले आहे, त्यांच्यावर माझं प्रेम आहे. त्यांच्या नावावर कुणी माझ्याच भावाला फसवत असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“कॅलिफोर्नियात माळ्यावर सापडलेलं कॉमिक ८० कोटींना गेलं. तुमच्याही घरात असेल, शोधा.”

पहिलं वाक्य खरं आहे. तीन भावांना दिवंगत आईच्या घरात, माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली १९३९ चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात तो ९१.२ लाख डॉलरला विकला गेला. तेव्हाच्या दराने रुपयांत साधारण तेवढेच होतात.

फॉरवर्डमध्ये पुढचं काहीच नाही. त्या प्रतीला १० पैकी ९.० ग्रेड, म्हणजे अंकाच्या अवस्थेचे गुण, मिळाली होती. छापल्या गेल्या होत्या लाखो प्रती, पण दहा सेंटचं ते कॉमिक मुलांनी वाचून फाडलं, मित्रांना दिलं, दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. १९४८ मध्ये तर न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला शाळकरी मुलांकडून कॉमिक्सची होळी करवली होती. एवढ्यातून जे वाचलं, आणि वाचूनही जवळपास कोरं राहिलं, त्याला ही किंमत आली.

आपल्याकडे अशी प्रत सापडल्याचे फोटो अधूनमधून फिरतात. सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने १९७४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचं (सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो यातच) मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण काढलं होतं. त्याचं बाहेरचं कव्हर काढलं की आत हुबेहूब १९३८ चा अंक दिसतो. पट्टीने मोजा, मूळ अंकापेक्षा तो बराच मोठा भरतो. या एका पुनर्मुद्रणाने किती जणांना गंडवलंय त्याला गणती नाही.

“कोणतंही जुनं सुपरहीरो कॉमिक घ्या, दहा वर्षांत दहापट.”

एफडी मोडायला लावणारा मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबते. ‘कोणतंही’ राहू दे. आजवरच्या सगळ्यात महागड्या कॉमिकचाच हिशेब करू.

ती प्रत म्हणजे ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, जून १९३८, सुपरमॅनचं पहिलं दर्शन, ग्रेड ९.०. अभिनेता निकोलस केजने ती नव्वदच्या दशकात दीड लाख डॉलरला घेतली होती. २००० मध्ये ती त्याच्या घरातून चोरीला गेली आणि २०११ मध्ये एका भाड्याच्या गोदामात सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती २१.६ लाख डॉलरला विकली गेली. मग जानेवारी २०२६ मध्ये, लिलावात नव्हे तर खासगी व्यवहारात, तिचे दीड कोटी डॉलर आले. कॉमिकसाठी मोजलेली ही सर्वांत मोठी रक्कम.

म्हणजे जगातली सगळ्यात हवीशी प्रत, वर फिल्मस्टारची आणि चोरीची गोष्ट जोडलेली, आणि तरी चौदा वर्षांत ती सातपट झाली. त्याच चौदा वर्षांत अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, लाभांश पुन्हा गुंतवत गेलात तर, जवळपास तितकाच वाढला. निर्देशांकाच्या फंडाला तिजोरी लागत नाही, विमा लागत नाही, आणि तो घरातून चोरीला जात नाही. शिवाय हवा तेव्हा हजार रुपयांपुरताही विकता येतो. कॉमिकला त्या दिवशी गिऱ्हाईक हजर असावं लागतं.

लिलावाच्या बातमीत छापलेला आकडा विकणाऱ्याच्या हातात पडत नाही, हेही फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसावं. त्यात बायर्स प्रीमियम धरलेला असतो, म्हणजे खरेदीदाराने लिलावघराला वरून दिलेली रक्कम. आणि न्यू जर्सीच्या दादासाठी वेगळी टीप: अमेरिकेत शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याला केंद्राचा कर जास्तीत जास्त २० टक्के, पण संग्राह्य वस्तूंवर २८ टक्क्यांपर्यंत लागतो.

हो, मोठे अंक चढतात, हे मला मान्य करावंच लागेल. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो १९६२ चा ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५. त्याची ९.६ ग्रेडची प्रत २०११ मध्ये ११ लाख डॉलरला गेली, आणि त्याच ग्रेडची प्रत २०२१ मध्ये ३६ लाखांना. दहा वर्षांत सव्वातीनपट. चांगलंच आहे. पण आत यायलाच ११ लाख डॉलर लागले होते, आणि भावाची एफडी पाच लाख रुपयांची आहे. त्या पैशांत त्याला हे अंक मिळणार नाहीत. त्याला मिळेल ते पुढच्या मुद्द्यातलं.

“नव्वदच्या दशकातले सीलबंद अंक आता लाखोंचे आहेत.”

मला सगळ्यात संताप आला तो या वाक्याचा, कारण हीच थाप तीस वर्षांपूर्वी एकदा मारून झाली आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘सुपरमॅन’ क्रमांक ७५ आला. त्यात सुपरमॅन मरतो. काळ्या सीलबंद पिशवीत अंक, सोबत दंडाला बांधायची काळी फीत. दुकानांपुढे रांगा लागल्या. एकेकाने दहा-दहा प्रती घेतल्या, मुलांच्या कॉलेजच्या फीची सोय झाली म्हणून. खप साठ लाखांच्या वर. त्याच्या आदल्या वर्षी ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक ऐंशी लाखांवर छापला गेला होता, तो तर गिनेस विक्रम आहे.

१९३९ चे अंक महाग आहेत, कारण ते कुणी जपले नाहीत. १९९२ चे सगळ्यांनी जपले. लाखो सीलबंद प्रती घराघरांत पडून असतील तर त्या विकत कोण घेणार? आजही ती पिशवी स्वस्तात सहज मिळते. तीस वर्षांची महागाई वजा केली तर कॉलेजच्या फीइतकं काही हाती उरत नाही. त्या लाटेचा फुगा फुटला तेव्हा अमेरिकेतली हजारो कॉमिक्सची दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आज ‘ॲव्हेंजर्स’च्या सिनेमांमुळे घराघरांत माहीत असलेली, तीच मार्व्हल. आणि आता तेच अंक नाशिकच्या मुलाला ‘दुर्मीळ’ म्हणून विकायला निघालेत.

“विकण्याआधी पानं इस्त्री करा, फाटलं असेल तिथे टेप लावा, डाग ब्लीचने काढा.”

असलं काहीही करू नका. एखाद्याकडे खरंच चांगली प्रत असेल तर ती या एका सल्ल्याने मातीमोल होईल. ग्रेडिंग कंपन्या अशी डागडुजी तपासतात. सीजीसी या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीत रंग भरलेल्या किंवा जोडकाम केलेल्या प्रतीला जांभळं लेबल लागतं, आणि तिला त्याच ग्रेडच्या मूळ प्रतीच्या मानाने फार कमी पैसे मिळतात. टेप हा दोषच धरला जातो. फाटलेलं फाटलेलंच राहू द्या.

“स्लॅब म्हणजे गॅरंटी.”

स्लॅब म्हणजे ग्रेड केलेली प्रत बंद करून ठेवलेली कडक प्लास्टिकची पेटी. सीजीसी हे काम २००० सालापासून करते आणि त्याने बाजाराला शिस्त लागली, हे खरंच. पण ग्रेड अंकाची अवस्था सांगते, भाव सांगत नाही. परवा आलेल्या, लाखोंनी छापलेल्या अंकालाही ९.८ मिळते. आणि २०२३ च्या अखेरीस तर उघडकीला आलं की कुणीतरी पेटी बदलून घेण्याच्या सोयीचा गैरफायदा घेत, चांगल्या ग्रेडच्या पेट्यांत कमी दर्जाच्या प्रती घुसवत होतं. कंपनीला संशयित प्रमाणपत्र-क्रमांक जाहीर करावे लागले.

“सिनेमा येतोय, त्या पात्राचा पहिला अंक आत्ताच उचला.”

सिनेमाची बातमी तुमच्यापर्यंत येईतो भाव चढून गेलेला असतो. २०२०-२१ मध्ये, लोक घरात आणि हातात सरकारी मदतीचे चेक, तेव्हा असे अंक कुठल्या कुठे गेले. २०२२ पासून त्यातले कितीतरी निम्म्यावर आले. वुल्व्हरिनचा १९७४ चा गाजलेला अंक, ‘हल्क’ क्रमांक १८१, फार आवडता आहे, पण त्याच्या ग्रेड झालेल्या प्रतीच हजारोंनी आहेत.

“आपली इंद्रजालसुद्धा आता सोनं झालीत.”

हा शेवटचा मुद्दा खास मराठी माणसासाठी घातलेला दिसतो. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ ला सुरू झाली, १९९० ला बंद पडली, आठशेच्या वर अंक निघाले. मराठीतला वेताळ आणि मँड्रेक वाचून मोठे झालेले दर्दी आजही जुन्या अंकांना मनापासून पैसे देतात, मीही दिले आहेत. पण त्या व्यवहारांची भरवशाची नोंद नाही, ग्रेडिंग रुळलेलं नाही, कुठल्या अंकाच्या किती प्रती उरल्यात याची मोजदाद नाही. लाखाचा भाव सांगणाऱ्याकडे मागच्या विक्रीची पावती मागा. नसेल, तर तो आकडा त्याच्या मनातला आहे.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. एफडी त्याने तूर्त ठेवली आहे. न्यू जर्सीच्या दादाने मात्र त्या काळ्या पिशव्यांचा एक खोका आधीच उचललाय आणि तो ग्रुपवर विकायला काढलाय. तो घेऊ नका.