ओटीपी सांगितला नाही म्हणजे खातं सुरक्षित? नाही

तालीम मंडळांच्या, दूध संस्थांच्या, भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातो: "ओटीपी कुणाला सांगू नका. ओटीपीशिवाय खात्यातून एक रुपयाही हलत नाही. आधार नंबर कळला तरी कुणी काही करू शकत नाही. आणि एकदा गेलेले पैसे बँक देत नाही, उगाच पळापळ करू नका."

यातलं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे, ते पाळाच. पुढची तिन्ही चुकीची आहेत. त्यांच्यावर विसंबून माणूस बाकीची दारं सताड उघडी ठेवतो, आणि पैसे गेले की घरचेच "तूच ओटीपी दिला असशील" म्हणून त्याला गप्प बसवतात. तक्रारीचे मोलाचे तास त्यातच जातात.

"ओटीपीशिवाय रुपया हलत नाही."

हलतो. वायफायसारखी खूण असलेलं कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी ५,००० रुपयांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही. यूपीआय लाईटमधून, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधल्या छोट्या रकमेच्या पाकिटातून, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होतं. यावर उपाय हाताशी आहे: बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगला जाऊन 'आंतरराष्ट्रीय' बंद करा, टॅप वापरत नसाल तर तेही बंद करा. ही सोय द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांवर घातलेलं आहे.

त्याहून वाईट म्हणजे, ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी बघा: 'एपीके' (.apk) असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाईल दाबली की फोन स्वतः अडवतो, 'या ठिकाणाहून अ‍ॅप घ्यायला परवानगी द्यायची का' असं विचारतो. घाईत तिथे हो म्हटलं, मग एसएमएस वाचायलाही हो म्हटलं, की तुमचा प्रत्येक ओटीपी आपोआप चोराकडे जातो. तुम्ही तोंडसुद्धा उघडलेलं नसतं.

असं अ‍ॅप चुकून घेतलं गेलं, तर आधी वायफाय आणि डेटा बंद करून फोन फ्लाइट मोडवर टाका. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी त्या अ‍ॅपला दिसणार नाहीत. त्या बटणाच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा. अ‍ॅप काढताना निघत नसेल, तर सेटिंगमध्ये त्याला दिलेले 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' हे अधिकार आधी काढावे लागतात. शेवटी फोन फॅक्टरी रीसेट करा. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून बदललेत तर नवेही चोराला कळतील.

"आधार नंबर कळला तरी काही होत नाही."

नुसत्या नंबराने होत नाही, हे खरं. पण गावातल्या दुकानात छोट्या मशीनवर अंगठा लावून ऊसबिलाचे पैसे काढतात, तेव्हा काय लागतं ते आठवा: बँकेचं नाव, आधार नंबर, अंगठा. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. आधार नंबर झेरॉक्सवर सापडतो, आणि अंगठ्याचा ठसा जमिनीच्या दस्तावर. दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवायचे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. २०२३ मध्ये बंगळुरूतही पोलिसांनी असा गुन्हा पकडला.

म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर हे फुकट होतं. संकेतस्थळावर १६ आकडी आभासी क्रमांक, म्हणजे व्हीआयडी लागतो, तोही तिथेच काढता येतो. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर मात्र आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडा. घरातल्या वयस्कर माणसांचं काम इथेच अडतं.

लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा घेतला जात नाही, मशीनवर ३३० नंबरची चूक दिसते. ठसे पुसट झाले म्हणून आजी परत फिरते, खरं कारण लॉक असतं. रांगेत नंबर जवळ आला की अ‍ॅपमधून तात्पुरतं उघडा, दहा मिनिटांनी ते पुन्हा आपोआप बंद होतं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याच्या वेळीही हेच करा. झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या.

"गेलेले पैसे बँक देत नाही."

याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम घातला, त्याच डिसेंबरात सहकारी बँकांनाही लागू केला. आमच्या कोल्हापुरात बऱ्याच घरांचं खातं सहकारी बँकेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. चार ते सात कामाचे दिवस लागले, तर नेहमीच्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी लगेच फोन करण्यात फायदाच आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हा नियम लागू नाही.

क्रम असा ठेवा. पहिला फोन १९३० ला: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक समोर घेऊन बसा. पैसे तासाभरातच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पळवले जातात, पुढच्या खात्यात ते रोखता आले तरच हाती लागतात. लगेच बँकेला कळवून खातं थांबवा. मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं, तर तोच अर्ज बँकेच्या ईमेलवर तिथे उभ्या-उभ्या पाठवा. तीन दिवस कधी संपले हा वाद निघाला तर त्या ईमेलची वेळ दाखवता येते.