मे महिन्यात रानात जेवायला जायचंच, पण कधी?

वादाला तोंड फोडलं बंड्यानं. येत्या रविवारी आबांच्या बावड्याकडच्या रानात जेवण करायचं चाललं होतं. बंड्यानं बेत मांडला: नऊला मटण घ्यायचं, अकराला चूल पेटवायची, दीड-दोनला पंगत. रंकाळ्याच्या काठच्या आमच्या कट्ट्यावर दर उन्हाळ्यात असे बेत होतात आणि वेळ हीच असते. या खेपेला मास्तरांनी आडकाठी घातली.

“मे महिन्यात भर दुपारी चुलीपुढं? मी येणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.”

“मास्तर, हे काय नागपूर हाय व्हय? आपल्यात पारा अडतीसला टेकला की पेपरात बातमी येती. तिकडं चंद्रपुरात त्येला गारवा म्हणत्यात.”

हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, म्हणूनच ही चर्चा लिहून काढतोय. हवामान खात्याच्या हिशोबात सपाटीच्या भागात पारा चाळिशीला पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. कोल्हापूर बहुतेक दिवस त्या रेषेच्या खाली असतं. त्यामुळं इशारा येत नाही, आणि इशारा नाही म्हणजे मोकळीक, असं आपण धरून चालतो.

मास्तर विज्ञानाचे. त्यांनी तारीखच सांगितली. “१६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, उघडं मैदान, लोक सकाळपासून उन्हात बसलेले. चौदा माणसं गेली. पारा किती होता ठाऊक आहे? अडतीसच्या आसपास. तुझा गारवा.”

बंड्याला लगेच उत्तर सुचलं नाही. मास्तरांनी पुढं फोड केली ती महत्त्वाची. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता आतच साठते. विदर्भातलं ऊन कोरडं असतं. आपल्याकडं नदी, पाटाचं पाणी, भिजलेला ऊस, आणि वळवाच्या आधीचा तो गदमदून टाकणारा उकाडा. त्यात उसाच्या फडाला लागून बसलं की वारा अडलेला. अशा जागी अडतीस अंश हा आकडा नुसता वाचून काहीच कळत नाही.

आबांना हे पटेना. “जलमभर उन्हात राबलोय. आमास्नी काय झालं?”

याचं उत्तर दिलं सिस्टरनी. त्या सरकारी दवाखान्यात आहेत. ड्युटी संपवून घरी जाताना पाच मिनिटं म्हणून थांबल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. “आबा, तुम्ही रानात किती वाजता जाता?”

“दिस उगवायला.”

“आणि दुपारी बारा ते चार?”

“आंब्याखाली आडवा व्हतो. त्या टायमाला कोण काम करतंय?”

“मग झालं की. पंगत मात्र तुम्ही नेमकी त्याच वेळेला मांडायलाय. आणि तुमचं अंग उन्हाला सरावलंय. बंड्या दिवसभर गॅरेजात पंख्याखाली, पुण्यास्नं येणारी पोरं एसीत. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, ती एका रविवारात होत नाही.”

मग सिस्टरनी जे विचारलं, ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. “भाकऱ्या कोण थापणार हाय?”

आबांची सून आणि तिची जाऊ. दरवर्षी त्याच थापतात. पत्र्याच्या शेडात, खालून चुलीचा जाळ, वरून तापलेला पत्रा, डोक्यावर पदर. आम्ही आंब्याच्या सावलीत सतरंजीवर, आणि त्या तव्यापुढं पीठ मळून, थापून, उलटून, फुगवून परत पुढची. वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या म्हणजे दोन तास हलता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, “आणि त्या पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, ते विचारा. रानात बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. ऊन लागून आमच्याकडं येणाऱ्या बायकांत चुलीपुढच्या असतात, गच्चीवर वाळवण घालणाऱ्याही असतात. जेवण झाडाखाली करता, मग चूल उन्हात का?”

खरं सांगतो, इतक्या वर्षांत हा प्रश्न कट्ट्यावर निघाला नव्हता आणि तो निघायला हवा होता. उन्हाळ्यातल्या काळजीबद्दल आपण बोलतो तेव्हा टोपी, गॉगल, पाण्याची बाटली एवढंच बोलतो. जी माणसं जाळापुढं बसून बाकीच्यांची मजा शिजवतात, त्यांचं नाव येत नाही.

“मग सांच्याला करू,” बंड्या म्हणाला. “पाचला चूल, आठला जेवण. गार वारं.”

आता आबांची पाळी होती. “वळीव इसरलास? दुपार कलली की आभाळ भरून येतंय. गारा, वारं, अन् इजा. सगळी पळत्यात ती आंब्याखालीच.”

एकट्या उंच झाडाखाली वीज पडण्याचा धोका सगळ्यात जास्त, हे आबांना कुणी शिकवावं लागत नाही. तरी पाऊस आला की पाय तिकडंच वळतात. मास्तरांनी नियम सांगितला: गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. लगेच पक्क्या घरात नाहीतर बंद काचांच्या चारचाकीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटरसायकल, पत्र्याची उघडी शेड यांचा आसरा धरायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलंय, ते आसपास वीज पडत असली की सांगतं. बंड्यानं तिथंच मोबाइलवर उतरवून घेतलं.

दुपारी ऊन, संध्याकाळी वळीव. मग राहतं काय? सिस्टर म्हणाल्या, सकाळ.

यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. “सकाळच्या पारी तांबडा-पांढरा? लोक हसतील!” पण आबाच फिरले. “हसतील कशाला? यात्रेला सकाळधरनं ताटं पडत्यातच की. पाचला चूल पेटवली तर साडेनऊला पंगत बसंल. अकराला समदी घरला, न्हाईतर आंब्याखाली.” आबांनी एकदा म्हटलं की वाद अर्धा संपतो. पहाटेचं रान मला तरी दुपारच्या रानापेक्षा कितीतरी आवडतं. उसाची पानं ओली असतात, माती गार असते, पाटाच्या कडेला बसून चहा पिता येतो. भूकही तेव्हा खरी लागते. दुपारी उन्हानं ती मरून गेलेली असते आणि नुसता रस्सा वाट्यांनी ओरपला जातो.

वेळ ठरल्यावर विषय पातेल्यात शिरला. बंड्याची सवय अशी की जेवणं झाली तरी डेचकी तशीच चुलीवर ठेवायची आणि संध्याकाळी दुसरी बैठक. सिस्टरनी ते धरून ठेवलं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी एकच तास धरायचा. पांढरा आधी जातो, कारण त्यात नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी पाणी. आंबूस वास यायच्या आधीच तो बिघडलेला असू शकतो.

“उकळी काढली की झालं,” बंड्या म्हणाला. नाही होत. काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते विष उकळून जात नाही. शिळ्या भाताचंही हेच. सकाळचा भात दुपारभर परातीत उघडा ठेवून संध्याकाळी गरम करण्यात राम नाही. उरलं तर लगेच छोट्या डब्यांत काढून फ्रिजमध्ये, फ्रिज लांब असेल तर मोजकंच शिजवायचं. मला हे दुसरं जास्त पटतं. कोल्हापुरी माणसाला जेवण उरलं नाही की कमीपणा वाटतो, तो वाटून घेणं सोडलं पाहिजे.

कच्च्या मटणाचं मी सांगितलं, कारण ते मी डोळ्यांनी बघत आलोय. काळी पिशवी मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेली, वाटेत कांदे घ्यायचे, चटणी घ्यायची, चहा घ्यायचा, आणि पिशवी तेवढा वेळ इंजिनाच्या वाफेवर हलत राहते. एक थर्मोकोलचा डबा आणि बर्फ, एवढंच लागतं. बर्फ मात्र बघून. २०१८ पासून खाण्याच्या लायक नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. तो निळा बर्फ मटणाच्या बंद पिशवीला बाहेरून लावायला चालेल, सरबतात नाही.

सरबतावर वाद झाला नाही. कैरीचं पन्हं, कोकम, ताक, सकाळी आंबील, आणि कुणी मटण खात नसेल तर त्याला दही बुत्ती, म्हणजे दहीभात. बिअरवर झाला. “गार असती की!” गार असते, पण लघवीवाटे पाणी बाहेर काढते आणि तहान लागल्याचं कळू देत नाही. वर विहिरीत उड्या. इथं आबांचा आवाज चढला. “माझ्या हिरीत पिलेला माणूस उतरायचा न्हाई. डबा बांधून पोरं शिकतील, कडंला पोहणारा माणूस बसंल, अन् कोण बी पिऊन येणार असंल तर जेवण बी न्हाई.” यावर कुणी बोललं नाही, बोलायचं कारणही नव्हतं.

ऊन लागलंच तर काय, हे सिस्टरनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही नीट लिहितो. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत बसवायचं आणि घोट घोट पाणी द्यायचं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण माणूस भलतंसलतं बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. तेव्हा अंगाचा ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असू शकतो. घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आबांनी खिशातल्या कांद्याचा विषय काढला. सिस्टर म्हणाल्या, “कांदा असू दे खिशात. पाणी ओतायला उशीर करू नका.”

मास्तरांना आबांकडनं पाचट हवं होतं, त्यामुळं गाडी त्यांच्या गच्चीवरच्या बागेकडं वळली. त्यांच्या कुंड्यांत मोगरा आहे, कढीपत्ता आहे, मिरच्या आहेत, आणि मे महिन्यातही त्या टवटवीत असतात त्या या पाचटामुळं. उसाची वाळली पानं वीतभर तोडून कुंडीत दोन-तीन बोटं जाड पसरायची, बुंध्यापाशी थोडी जागा मोकळी ठेवायची. माती तापत नाही, पाणी उडून जात नाही. पाणी सकाळीच. पाइप गच्चीवर पडून असेल तर आतलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं कढत असतं. ते बादलीत सोडून द्यायचं, मुळांवर नाही. बंड्या म्हणाला, दुपारी पानं माना टाकतात तेव्हा पाणी घालतो. मास्तरांचं म्हणणं, झाड दुपारी मान टाकतं ते पाणी वाचवायला. संध्याकाळी परत ताठ झालं तर तहान नव्हती. बोट मातीत घालून बघावं, मग ठरवावं.

“ओलाव्याला जनावर येतंय,” आबांनी बजावलं. उन्हाळ्यात नाग-घोणस गारव्याला कुंडीच्या आडोशाला, पाचटाच्या ढिगात बसतात, विंचू तर हमखास. ढीग काठीनं हलवून मगच हात घालायचा. आणि कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातनं एकदा तरी उपसून कोरडं करायचं, डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

रानातल्या विश्रांतीबद्दलही आबांनी दोन गोष्टी सांगितल्या. सतरंजी टाकायच्या आधी फांद्यांकडं मान वर करून बघायचं. आग्या मोहोळ असेल तर चुलीचा धूर तिकडं जाता कामा नये. आणि निघताना चूल पाण्यानं विझवून राख चाळवायची. वाळलेल्या बांधावर एक ठिणगी पडली की शेजाऱ्याचा ऊस पेटतो.

शेवटी ठरलं ते असं. रविवारी पहाटे पाचला चूल, आंब्याच्या सावलीत, मोहोळ बघून. भाकऱ्या आदल्या रात्री नाही, पहाटेच, पण थापायला बंड्या आणि मी पाळीपाळीनं बसणार. आबांच्या सुनेनं फक्त दाखवायचं. रानातल्या मोटरीच्या खोलीशेजारी आडोसा करून बाईमाणसांची सोय आबा शनिवारीच करणार. मटण मास्तर आणणार, थर्मोकोलच्या डब्यातनं. आबांच्या घरच्या मिरच्यांचं गच्चीवरचं वाळवण दुपारी कुणी उलटवायचं, यावर मात्र एकमत झालं नाही. माझं म्हणणं, सकाळी आठच्या आत पसरायच्या आणि दिवस कलल्यावरच हात लावायचा. आबांच्या घरी हे पटवायला सिस्टर स्वतः जाणार आहेत.