अज्ञान, सज्ञान आणि अ.पा.क.

कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातावरचा वाद आमच्या घरच्या ग्रुपवर अजून मिटत नाही. मे २०२४ मध्ये दोघांचा जीव गेला. १७ वर्षांच्या चालकाला बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायलाही नकार दिला. ‘एवढं घोडं अजाण कसं?’ हा चुलतभावाचा सवाल. पाठोपाठ मला टोला : ‘तुमच्या जर्मनीत नसतील असले लाड.’

असतात. जास्तच असतात. इथे १४च्या आतल्या मुलाला शिक्षाच करता येत नाही, आणि १८ ते २० वर्षांचा तरुण वयाच्या मानाने कच्चा वाटला तर त्यालाही किशोरांचाच कायदा लावतात. आपल्याकडे २०१५च्या कायद्यात १६ वर्षांपुढच्या पोरावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवायची सोय तरी आहे. निबंधाची चीड मलाही आली. पण जर्मनीचा दाखला देऊन फाशी मागू नका.

इथे जबाबदारी हप्त्याहप्त्याने देतात. पहिलीतली पोरं एकटी शाळेत जातात, १६व्या वर्षी बिअर मिळते, २०२४च्या युरोपीय निवडणुकीत १६ वर्षांच्यांनी मतही दिलं. आपल्याकडे आधी गाडीची किल्ली, मग ‘लहान आहे हो अजून’. हाच चुलतभाऊ इंजिनिअर मुलाचा बँकेचा फॉर्म स्वतः भरतो. (हे ग्रुपवर लिहिलेलं नाही. दिवाळीला त्याच्याकडेच उतरायचंय.)

‘निरागस’मध्ये कौतुक असतं, ‘भोळा’मध्ये कीव, ‘भाबडा’ म्हणताना तर आपण मनातल्या मनात हसतोच. कचेरीतलं ‘अज्ञान’ त्या मानाने सरळ : अठरा पुरी नाहीत, सही चालणार नाही. पुरी झाली की ‘सज्ञान’. कुणाच्या अकलेबद्दल त्यात काही म्हणणं नाही.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ लागलं : अज्ञान, पालनकर्ती आई. वय वाढलं म्हणून तो शेरा आपोआप जात नाही, पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. मी तो दिलेला नाही. इकडे जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मात्र चोख भरून ठेवलाय. ते मिळालं की भारतीय पासपोर्ट परत करायचा. मग गावच्या दप्तरात मी उरेन तो कुणाचा तरी मुलगा म्हणूनच, आणि खरं सांगायचं तर मला ते चालेल. चुलतभाऊ म्हणतो, वाटणीआधी शेरा काढून घे, नाहीतर सगळ्यांचंच अडेल. त्याचं बरोबर आहे. बघू म्हटलंय.